शिरीषच्या गावची भट्टी

"शिरीष गेला रे..." एवढंच त्याची बायको मेधा फोनवर म्हणाली. सकाळी ऑफिसला जायला सायकल काढताना तो दारातच कोसळला होता. मी झुइडास भागातल्या ऑफिसात, हातात कॉफीचा कप घेऊन. खरं सांगायचं तर आधी रडू नाही, राग आला. ऑगस्ट तोंडावर आलेला असताना हा माणूस जातोच कसा?

उइटहॉर्न या डच गावात शिरीष आणि मी शेजारी, दोघेही पुण्याचे, दोघेही आयटीतले. सुट्टीत आम्ही बाकीचे स्वित्झर्लंडला फोटो काढत हिंडायचो, तेव्हा शिरीष-मेधा फ्रान्समधल्या एका शेतकरी खेड्यात जाऊन राहत. तीसेक घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद, भोवती गव्हाची शेतं आणि मधोमध दगडी घुमटाची, सगळ्या गावाची पावाची भट्टी. "तिथं बघायला आहे काय?" मी चिडवायचो. "काही नाही, म्हणूनच जातो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. सुगीनंतर, ऑगस्टमध्ये, एकदा अख्ख्या गावाचा पाव त्या भट्टीत भाजला जाई. ती दोन-तीन दिवस दमादमानं तापवावी लागते, घाई केली की घुमटाला तडे जातात. हे जाणणाऱ्या शेवटच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मरण्यापूर्वी ते शिरीषला शिकवलं, कारण गावात शिकायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मग कोथरूडचा हा गडी राखेनं माखून तिथं बसायचा आणि मेधा पीठ मळायची. "एक वर्ष खंड पडला ना, की संपलं. कुलूप घालून मोकळे होतील," असं तो म्हणे. त्या कुलपाची त्याला खरोखर धास्ती होती.

या ऑगस्टमध्ये मेधाबरोबर मी गेलो. भट्टी पेटवायचीच, असं तिनं ठरवलं होतं, आणि तिला सगळं येतही होतं. शिरीषनं गेल्या वर्षी फोडून रचलेली लाकडं ती उचलू लागली, तोच शेजारच्या ओदीलबाई काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी मेधाचा हात धरला आणि त्या फ्रेंचमध्ये काहीतरी बोलल्या. मेधानं मला सांगितलं, "ज्या घरात माणूस गेलं, त्या घरानं वर्षभर भट्टीला हात लावायचा नाही म्हणे. बाकीच्यांनी त्यांना पाव द्यायचा."

"अगं, त्यांना सांग, आपलं सुतक तेराव्यालाच संपलं!" मी भडकलो. "आणि बाकीच्यांना येतं कुणाला?"

"कुणाला येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे... पण शिरीषनं त्यांचं ऐकलं असतं रे." तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पाव होते. एकाही घरानं चुकवलं नव्हतं, नुसत्या सुट्टीपुरत्या आलेल्या शहरी मंडळींनीसुद्धा. सगळे सुपरमार्केटचे, प्लास्टिकच्या पिशव्यांतले, यंत्रानं कापलेले. मेधा पायरीवर बसली. एक पिशवी फाडून तिनं माझ्या हातावर तुकडा ठेवला.

"खा. दुःखाचं अन्न परत करायचं नसतं."

आम्ही पाव कोरडाच खाल्ला. समोर भट्टी गार पडली होती आणि शिरीषची लाकडं तिच्याशेजारी तशीच रचलेली होती.