करवंदपाड्याच्या हिरा बाई

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. शाळेतल्या सोबतच्या बाईंना माहीत नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्यांना मी चार वर्षं कळू दिलेलं नाही. तुम्हाला सांगतेय. पण एक आधीच बजावते — मान खाली घालून सांगणार नाही. वाचताना तुम्हाला वाटेल, हिला याची लाज कशी वाटत नाही? तर त्याची मला खरंच वाटत नाही. ज्याची वाटते ते पुढे आहे. तिथपर्यंत यायला मला जरा वेळ लागेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुरबाड तालुका, एकवीस वर्षं, आणि पहिली-दुसरी कायम माझ्याच गळ्यात. लहान मुलं म्हणजे बाईंचं काम, असं आमच्या प्रत्येक मुख्याध्यापकांना वाटत आलंय. वाटू दे. मला लहान मुलं आवडतात आणि त्यांना शिकवायची साधनं बनवायला त्याहून जास्त आवडतं. कार्डं, चित्रं, गोष्टींच्या घड्या, खडे मोजायचे खेळ. असं बनवणारे शहापूर-मुरबाडात बरेच आहेत, पण एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. ते कपाटात पडून राहतं, बदली झाली की मागे राहतं आणि मग वाळवी खाते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय असतं? सुप्रभात, वाढदिवसाचे केक आणि ‘माहिती तातडीने सादर करावी’.

म्हणून मी एक साइट काढली. मोबाइलवर व्हिडिओ बघून, शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर, उन्हाळ्याच्या एका सुट्टीत. नाव दिलं ‘उघडं दप्तर’. शिक्षकांनी आपापलं तिथे टाकायचं, हवं ते घ्यायचं, अडलं तर विचारायचं. सगळे खूश झाले. सगळ्यांनी घेतलं. टाकलं कोणी? कोणीच नाही. दोन महिने एकटी मीच टाकत होते. विचारलं की कोणी म्हणे अक्षर चांगलं नाही, कोणी म्हणे साहेब बघतील आणि चूक काढतील. एक सर तर सरळ म्हणाले, आपलं बघून लोक हसतील हो.

मग मी शिक्षक तयार केले. हो, तयार केले — खोटी नावं, खोट्या शाळा, चार-पाच जण. त्यात गणिताचे एक सर होते. दुसरे एक सर फक्त शंका विचारायचे, आणि त्यांच्या शंका मी मुद्दाम इतक्या बावळट ठेवायचे की खरे शिक्षक त्यांना समजवायला म्हणून का होईना, बोलते झाले. आणि होत्या हिरा बाई. उंबरमाळीच्या वर डोंगरात करवंदपाडा, तिथली एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. असा पाडा नाही. मी नाव शोधलं ते आमच्या शाळेच्या करवंदीच्या कुंपणाकडे बघून.

हिरा बाईंच्या नावावर मी जे टाकलं ते सगळं माझंच होतं, आणि चांगलं होतं. ‘अ अननसाचा’ शिकवून काय उपयोग? आमच्या मुलांनी अननस बघितलेला असतो तो फक्त त्या तक्त्यावर. हिरा बाईंच्या कार्डावर क कोयत्याचा होता, ख खेकड्याचा होता, ट टोपलीचा. हेच मी माझ्या नावावर टाकलं असतं तर लोक म्हणाले असते, हिचं काय जातंय, हिच्या शाळेपर्यंत डांबरी रस्ता आहे. करवंदपाड्याहून आलं म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बंद. सहा महिन्यांत खरे शिक्षक खरी साधनं टाकायला लागले. आज तिथे जे आहे ते घेऊन कितीतरी वर्ग चालतात. हे खोटं मी पुन्हा करीन का? करीन. उद्याच करीन. यावर माझ्याशी वाद घालू नका.

बाकीच्यांना मी हळूहळू गप्प केलं. हिरा बाईंना मात्र काढवेना. का? कारण लोकांना त्या माझ्यापेक्षा जास्त आवडायच्या. आणि — हेही सांगूनच टाकते — मलाही त्या माझ्यापेक्षा जास्त आवडायच्या. त्यांच्याकडे ऑनलाइन माहिती भरायचं काम नव्हतं, मुख्याध्यापक नव्हते, गुडघेदुखी नव्हती. त्यांचं सगळं जमायचं.

आता गुरुजींचं सांगते. लक्ष्मण गुरुजी शहापूर तालुक्यातले. राहायला आसनगावला, शाळा डोंगराच्या पायथ्याच्या एका पाड्यावर. स्वतः डोंगरातल्याच गावचे, डी.एड. झालेले त्या गावातले पहिले. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मोबाइलवर एका बोटाने लिहायचे, आणि एक ओळ लिहायला त्यांना किती वेळ लागतो ते मी जिल्ह्याच्या एका प्रशिक्षणात शेजारी बसून बघितलं होतं. त्या माणसाने एके दिवशी उघड्या दप्तरात भलं मोठं लिहिलं. त्यांच्या तिसरीच्या वर्गात अकरा मुलं, त्यांतल्या आठांना वाचता येत नाही. दिवाळी झाली की मुलं आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, तोवर होतं नव्हतं ते विसरलेली असतात. दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून. कोणाला यावर काही सापडलं असेल तर कृपया सांगावं, असं शेवटी होतं.

तुम्ही शिक्षक नसाल तर हे काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही. आमच्यात असं कोणी लिहून देत नाही. तोंडाने बोलतात, चहा पिताना, इकडेतिकडे बघून. लेखी? नाव-गाव-शाळेसकट? आणि उघडं दप्तर मी कशासाठी काढलं होतं — यासाठीच ना?

त्याच संध्याकाळी मी हिरा बाई होऊन त्यांना उत्तर लिहिलं. मला ते पाठ आहे. ‘गुरुजी, भट्टी दिवाळीनंतर लागते. जून ते दिवाळी हातात चार-साडेचार महिने असतात. माझी पहिलीची सगळी मुलं भट्टीवर जाण्याआधी वाचू लागतात. मुलं विसरत नाहीत हो, आपण शिकवलेलंच नसतं.’

टाळ्यांची चित्रं पडली खाली, रांगेने. ज्यांच्या वर्गात हेच चाललं होतं तेही ‘एकदम बरोबर बाई’ म्हणाले. मला ते बघून बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यानंतर आजपर्यंत उघड्या दप्तरात कोणी लिहिलेलं नाही की माझ्या मुलांना वाचता येत नाही. सगळे जमलेलंच टाकतात.

गुरुजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी हिरा बाईंना वेगळा निरोप पाठवला, की कसं शिकवता ते मला सांगाल का. मी सांगत गेले — कार्डं, क्रम, रोज किती अक्षरं. ते वहीत उतरवून घ्यायचे आणि वहीचा फोटो पाठवून बरोबर आहे का विचारायचे. मग एकदा त्यांनी लिहिलं, तुमच्या वर्गात एक दिवस मागे बसून बघायचं आहे. हिरा बाई गप्प झाल्या. तिकडे रेंज नसतेच.

आठवड्याने त्यांचा फोन मला आला. साइट माझी, तेव्हा पत्ता मला माहीत असणार. करवंदपाड्याला कसं जायचं? ही वेळ होती. फोनवर एक वाक्य पुरलं असतं. मी काय म्हटलं? म्हटलं, मलाही नक्की माहीत नाही गुरुजी, उंबरमाळीला उतरून वर चढावं लागतं म्हणतात.

त्यांनी एक दिवसाची रजा टाकली आणि गेले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पिशवीत वही, पाण्याची बाटली आणि हिरा बाईंच्या मुलांसाठी राजगिऱ्याचे लाडू. दिवसभर डोंगरात फिरले. एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘करवंदा लय हायत बा, पाडा नाय.’ हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी हसत हसत सांगितलं. लाडू त्यांनी वाटेतल्या एका वाडीवरच्या पोरांना वाटून टाकले होते. मग म्हणाले, ‘शाळा काय गावली नाय बाई. वाट मीच चुकलो आसन.’

मी म्हटलं, ‘असेल.’

तेवढंच. एक शब्द. त्यानंतर आठ दिवसांनी मी साइटवर टाकलं की हिरा बाईंची लांब बदली झाली आहे, सर्वांतर्फे शुभेच्छा. गुरुजींनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, त्यातून काही चांगलंही निघालं असेल. निघालं. गुरुजी शेवटची दोन वर्षं रविवारी ती कार्डं घेऊन भट्टीवर जायचे. आपल्या मुलांना विटांच्या राशीच्या सावलीत बसवायचे. त्यांतली तीन मुलं वाचायला लागली, मी स्वतः ऐकलंय. हे मी वकिलासारखं पुढे करू शकते. मनात कितीदा केलंही आहे. पण भट्टीवर गुरुजी गेले, मी गेले नाही, आणि ती तीन मुलं त्यांची आहेत.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. शाळेच्या अंगणात मांडव, शाल, श्रीफळ, खुर्च्यांवर आम्ही आणि ताडपत्रीवर पाडा. साइट काढणाऱ्या बाई म्हणून मला वर बसवलं होतं. जुने विद्यार्थी आले होते. कोणी वाशिंदला कारखान्यात, कोणी शेतात, काही बाया अजूनही दर दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या, मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. गुरुजी आधी पुस्तकी भाषेत बोलले, सगळ्यांचे आभार वगैरे. मग समोर बघून आपल्या बोलीवर आले.

‘भट्टीवर जानारी पोरं वाचत नाय, असं मी आयुष्यभर समद्यांना सांगत आलो,’ ते म्हणाले. ‘तसं नव्हतं. वर डोंगरात एक बाई शिकवायची, तिची पोरं वाचायची. मंजे तुमच्यात काय कमी नव्हतं. मीच तुमाला नाय शिकवलं. तुमची मापी मागतो.’

आणि त्यांनी वाकून हात जोडले. ताडपत्रीवरची एक बाई उठून म्हणाली, ‘गुरुजी, असं नका बोलू.’ मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. खुर्चीवरून उठून वाजवल्या. माईक माझ्यापासून चार पावलांवर होता.

तेहतीस वर्षांची नोकरी. एकट्याने वर्ग सांभाळले, निवडणुका केल्या, जनगणना केली, मुलांना घरून बोलावून आणलं, आणि त्या सगळ्याचा निकाल त्यांनी स्वतःविरुद्ध लावला. कोणाच्या शब्दावर? कुंपणाकडे बघून नाव ठेवलेल्या एका पाड्यावरच्या, नसलेल्या बाईच्या.

राहिलं ते एकच, आणि त्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय. ते उत्तर मी का लिहिलं? गुरुजींनी लिहिलं त्याच दिवशी सकाळी माझ्या वर्गावर तपासणी झाली होती. साहेबांनी दुसरीतल्या एका मुलीला उभं करून पहिलीचं पुस्तक दिलं. ती पुस्तकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघत राहिली. साहेब मुलांसमोरच म्हणाले, बाई, साइटी काढता, पोरं कधी वाचणार? मी त्यांची सही घेतली, चहा दिला, गेटपर्यंत सोडून आले. संध्याकाळी गुरुजींचं लिहिलेलं समोर आलं — जे मी लिहायला हवं होतं आणि माझी छाती झाली नव्हती, ते सगळं, त्यांच्या नावासकट. ते मला सहन झालं नाही. साहेबांना देता आलं नाही ते उत्तर मी गुरुजींना दिलं. माझ्या नावाने द्यायचीसुद्धा हिंमत नव्हती.

उद्या सकाळी हे कागद घेऊन आसनगावला जाणार आहे. आधी गुरुजींच्या हातात देणार, ते वाचून होईपर्यंत समोर बसणार, आणि मग उघड्या दप्तरात टाकणार, माझ्या नावाने आणि शाळेच्या नावाने. साइट बंद पडली तर पडू दे. लोकांनी तोंडावर बोलावं, साहेबांनी बोलावून घ्यावं, मी आहे तिथेच आहे. माफी मागितलेली नाही यात कुठे. ती मागितली की गुरुजी लगेच देतील, त्यांचा स्वभावच तसा आहे, आणि मला ती तशी नको आहे. त्यांना कळावं एवढंच खाली लिहिलं आहे.

गुरुजी, वाट तुम्ही चुकला नव्हतात. तिथे शाळा नव्हती, पाडा नव्हता, बाई नव्हती. ती मी होते. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वर्गातली पाच मुलं भट्टीवर गेली, रोज माझीच कार्डं शिकलेली — त्यांतल्या एकालाही वाचता येत नव्हतं.