वरचे दोन बोंबील

आमच्या मंडळात माणसं तीनच, आणि त्याला मंडळ म्हणायची ती फक्त आमची आई. "आलं का तुमचं भजनी मंडळ?" असं ती रविवारी सकाळी दाराची कडी काढता काढता विचारायची, बाहेर उभ्या असलेल्या दोघांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. त्यातला एक माझ्या कॉलेजातला मित्र, उलव्याचा. दुसरा कोपरखैरण्याला राहायचा, तुर्भ्याच्या कारखान्यात शिफ्टला जायचा आणि आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा होता, म्हणून दादा. तिसरी मी. डबल डेकचा टू-इन-वन आमच्या नेरूळच्या घरात होता, म्हणून बैठक आमच्या हॉलमध्ये. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. सगळी सोसायटी सिनेमाची गाणी लावायची आणि आम्हाला वेड लागलं होतं अल्टर्नेटिव्हचं.

अल्टर्नेटिव्ह म्हणजे काय, ते मला तेव्हाही धड सांगता येत नव्हतं. गिटार जराशी बिघडल्यासारखी वाजते, गाणाऱ्याला कुणाची पडलेली नसते आणि वाण्याच्या दुकानात ते कधी वाजत नाही, एवढं नक्की. दादाची व्याख्या जास्त चांगली होती. तो म्हणायचा, "आमी मशीनवर गुणगुणलं की सुपरवायझर विचारतो, काय रे, बरं नाय का वाटत?"

नियम मात्र कडक होते. एका रविवारी एकाने अलीकडे आवडलेला एक अल्बम आणायचा. तो पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. मध्ये बोलायचं नाही, पुढे पळवायचं नाही. मग आणणाऱ्याने सांगायचं, का आवडला. 'मस्त आहे यार' चालायचं नाही. एकदा दादा म्हणाला होता, "तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला चुकतो आणि त्यांनी ते तसंच ठेवलंय. आमच्याकडे असा पीस रिजेक्ट करतात." आम्ही ते गाणं परत लावलं, आणि खरंच, ती चूक सापडल्यावर ते गाणं मला दुप्पट आवडायला लागलं.

हे अल्बम इकडे मिळायचे कुठून? मिळायचेच नाहीत. मित्राचा मोठा भाऊ मस्कतला नोकरीला होता, तो ओरिजिनल कॅसेटी गावी येणाऱ्या माणसाबरोबर धाडायचा. त्याची एकच अट. कॉपी करा, वाटा, काय ते करा, पण मी सुट्टीला येईन तेव्हा माझी कॅसेट मला जशीच्या तशी हवी. एक जरी खराब झाली तर पुढची येणार नाही. "भाई बोलला म्हणजे बोलला," मित्र म्हणायचा. म्हणजे आमचं सगळं मंडळ त्या न पाहिलेल्या माणसाच्या मर्जीवर चाललेलं.

कॉपी करायचं काम माझ्याकडे. कोऱ्या कॅसेटी परवडत नव्हत्या, म्हणून आम्ही रद्दीवाल्याकडून जुन्या भरलेल्या कॅसेटी आणायचो. दुकानातल्या कॅसेटला वरच्या कडेला दोन भोकं असतात, ती उघडी असली की तिच्यावर काही भरता येत नाही. त्यांवर चिकटपट्टीचा तुकडा लावला की झालं काम, कॅसेट कोऱ्यासारखी वागते. मी त्यात इतकी तरबेज झाले होते की एकीकडे अभ्यासाचं पुस्तक वाचत दुसरीकडे पट्ट्या लावायची. या हुशारीनेच माझा घात केला.

भाईने एक नवा अल्बम धाडला होता. एकटी बाई, एक गिटार आणि बाकी काही नाही. मित्राने तो उलव्याला आठ दिवस ऐकला आणि माझ्या हातात देताना नुसता म्हणाला, "सांभाळ हां." त्याला त्याहून जास्त बोलता येत नव्हतं, इतका तो त्याला लागला होता. शनिवारी सकाळी मी टेबलावर दोन कॅसेटी ठेवल्या, भाईची आणि रद्दीतली एक पाढ्यांची. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींवरची अक्षरं बारीक. हात सवयीने चालला आणि मी दोन्हींना पट्ट्या लावल्या.

तेवढ्यात दाराशी मावशी आली. शिरवण्याची मासळीवाली, दर शनिवारी आमच्या मजल्यावर टोपली टेकवायची. आईने आतून हाक मारली, "अगं परात आण, हात रिकामे नाहीत माझे!" मी घाईघाईत एक कॅसेट वाजायच्या बाजूला घातली, दुसरी भरायच्या बाजूला घातली, आवाज शून्यावर नेला (आईला 'ते रडगाणं' सहन व्हायचं नाही), बटणं दाबली आणि परात घेऊन पळाले.

बोंबलांवरून नेहमीसारखं जुंपलं होतं. आईचं म्हणणं, वाट्यावर आणखी दोन टाक. मावशीचं म्हणणं, टाकून टाकून मी काय नेऊ घरा. त्यांचं हे दर शनिवारी चालायचं आणि दोघींनाही त्याशिवाय करमायचं नाही. मी परात धरून उभी राहिले, मग कंटाळून आत आले आणि कॉपी कशी होतेय बघावं म्हणून आवाज किंचित वाढवला.

"सात सक बेचाळीस," पोरांचा घोळका म्हणाला. "सात सत्ते एकोणपन्नास."

वाजत होते पाढे. म्हणजे भरली जात होती भाईची कॅसेट! वर घाईत एका कॅसेटवरून थेट दुसरीवर भरणारं डबिंगचं बटण दाबायचंही राहिलं होतं, त्यामुळे टू-इन-वन समोरच्या माइकमधून आमच्या घरातलाच आवाज त्या बाईच्या गाण्यांवर चढवत बसला होता. मी स्टॉप दाबलं. अकरा मिनिटं. साडेतीन गाणी गेली होती.

आता खरं सांगते. मी कुणाला काही बोलले नाही. पट्टी काढली, कॅसेट दुसऱ्या बाजूवर आणून ठेवली आणि मनात म्हटलं, उद्या तब्येत बरी नाही म्हणू. पण रविवारी दोघे आले, आईने पोहे दिले आणि मित्राने स्वतःच ती कॅसेट उचलून पहिली बाजू लावली. नियमच होता ना, पहिल्यापासून.

कुकरची शिट्टी. मग आई. "दोन टाक गं वरचे, लहान आहेत सगळे." मग मावशी. "लहान कुटं ताई, हातभर हायेत हातभर! आज खाडीचं पानी बघ नि मंग बोल." दादा हसायला लागला, त्याला वाटलं मी मस्करी केलीय. मित्र हसला नाही. आणि पुढे पळवायचं नाही हाही नियम होता, त्यामुळे आम्ही तिघांनी ती अकरा मिनिटं शेवटपर्यंत ऐकली. मावशी "बरं, आता शेवटचं सांगते" म्हणते न म्हणते तोच पोरांचं 'सात सत्ते' आलं, खट् आवाज झाला आणि चौथ्या गाण्याच्या मधोमध गिटार सुरू झाली.

"कालच सांगायचं ना," मित्र एवढंच म्हणाला. कॅसेट काढून घेतली, "येतो काकू" म्हणाला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दोन रविवार तो आला नाही. कॉलेजात दिसला की मान हलवायचा आणि पुढे जायचा. दादा एकटा यायचा, आम्ही जुनंच काहीतरी लावायचो, आणि आईसुद्धा भजनी मंडळ म्हणायचं विसरली. मला माझाच भयंकर राग आला होता. चूक झाली ते झालं, पण लपवली का? शेवटी मी मस्कतला पत्र लिहायला बसले. ओळख ना पाळख, तरी सगळं लिहिलं. पट्टी, पाढे, परात, बोंबील. चूक तुमच्या भावाची नाही, त्याच्यावर रागावू नका, आणि कॅसेटी बंद करायच्या तर माझ्यासाठी करा, त्या दोघांसाठी नको. ते पत्र मी कॉलेजात मित्राच्या हातात दिलं. त्याने तिथेच उभ्याने वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "गावातला एक जण चाललाय परत. त्याच्याबरोबर धाडतो. कॅसेट पण धाडतो, भाईला काय ते कळू दे." त्या रविवारी तो आला. पण नवं काही आणायला त्याच्याकडे नव्हतंच.

दोन महिने गेले. मग एका रविवारी तो नेहमीपेक्षा लवकर आला, चप्पल काढायच्या आधीच खिशातून पाकीट काढलं आणि म्हणाला, "तूच वाच."

भाईचं अक्षर गिचमिड होतं. लिहिलं होतं की कॅसेट मिळाली, पहिल्यांदा भयंकर राग आला. मग खोलीतल्या बाकीच्यांनी ऐकली. खोलीत आठ जण, पाच आपल्याकडचे. आता रोज जेवताना तेच लावतात, पुढची गाणी कुणी ऐकत नाही. चार वर्षं झाली घरी येऊन, दारात मासळीवरून भांडणारी बाई ऐकली नव्हती. गिटारवाल्या बाईची कॅसेट मी दुसरी घेतो, ही माझ्याकडेच राहील. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: 'तुम्ही नेमकी तिथेच बंद केलीत. इथे पैज लागलीय. मावशीने वरचे दोन बोंबील दिले की नाही, ते कळवा.'

मी वाचता वाचता रडले, हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. आई पोह्यांची ताटली हातात धरून उभी होती. म्हणाली, "अगं बाई, मला कुठं माहीत होतं, जरा बऱ्या शब्दांत बोलले असते!"

पुढच्या शनिवारी बैठक रविवारची वाट न बघता भरली. दादाने कारखान्यातून लांब वायर आणली, टू-इन-वन दारातल्या चपलांच्या स्टँडवर ठेवला. रद्दीतली पाढ्यांचीच कॅसेट घेतली, पट्टी मीच लावली, आणि या वेळी तिघांनी तपासली. मावशी आली. तिला सगळं समजावून सांगितलं. तिने टोपली टेकवली, पदर नीट केला आणि टू-इन-वनकडे बघून विचारलं, "कवापासून नाय आला ह्यो?"

"चार वर्षं," मित्र म्हणाला.

ती माइकजवळ वाकली आणि मासळी विकताना लावते तसा आवाज लावून म्हणाली, "दिलं रं बाला, दोन काय, तीन दिलं! तू घरा ये, तुजं येगलं ठेवते."