गाडीची चावी आप्पांकडं हाय

मंडळी, आत्ताच कोल्हापुरात घरी पोचलोय, धडधाकट.

दुपारी पुण्याहून येताना घाटातल्या बोगद्यात पुढच्या ट्रकच्या इंजिननं पेट घेतला. धूर बघून मी आणि माझे वडील आप्पा गाडी सोडून मागं बाहेर पळालो. सवयीनं मी गाडी लॉक केली.

बाहेर बोगद्याचा एक कर्मचारी ओरडत आला, "पांढरी गाडी कुणाची? लॉक हाय. बंब आत जाईना."

आप्पांनी माझ्या खिशातनं चावी काढून दिली. "घ्या पावणं. शिकलाय, पर अक्कल न्हाय."

त्यानं मास्क लावून गाडी बाजूला घेतली. आग विझली, कुणाला खरचटलंही नाही. तासाभरात वाहतूक सुरू झाली.

बोगद्यात गाडी सोडून पळताना चावी गाडीतच ठेवायची असते, हे तुम्हाला माहीत होतं का? मला आज कळलं.

घरापर्यंत गाडी आप्पांनीच चालवली. चावी अजून परत दिलेली नाही.