तंबूवाले आणि रूमवाले

सहलीवरून परत आलं की बॅगा दोन दिवसांत रिकाम्या होतात, किस्से मात्र संपता संपत नाहीत. चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडला की भाजीआधी तेच बाहेर पडतात. आमचा तीन-चार घरांचा जंगल ग्रुप आहे. दिवाळी झाली की कुठल्यातरी रानात जातो, आणि जायच्या आधी न चुकता एकाच गोष्टीवरून भांडतो. तंबू की रूम?

मेंटेनन्सचे महादेव भाऊ कट्टर तंबूवाले. "जंगलात जाऊन भिंतीच बघायच्या असतील तर आमचं रहाटणीचं घर काय वाईट आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. क्वालिटीचे लोंढे सर तेवढेच कट्टर रूमवाले. "झाडं दिवसा बघायची हो, झोपायला गादीच लागते!" मी स्टोअरमध्ये. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे मतदानाला मला कुणी धरतच नाही. मला आपली एकच चौकशी, की चांगलं घरदार सोडून माणूस तिथे जातो ते नेमकं कशासाठी?

महादेव भाऊंच्या बायकोला, सुनीता वहिनींना, मी एकदा हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "तंबू असो नाहीतर महाल, तिथे चहा कुणी करायचा ते सांगा आधी! लग्न झाल्यापासून मला आयता चहा माहीत नाही. एका सुट्टीत तेवढा मिळू दे, मी झाडावरसुद्धा झोपेन."

* * *

भाऊंनी नवीन तंबू घेतला तेव्हाची गोष्ट. मेंटेनन्सचा माणूस, ट्रायल घेतल्याशिवाय राहतोय कुठला! जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या लॉनवर तंबू ठोकला. स्पिरिट लेव्हल लावून जमीन तपासली, दोऱ्या ओढून बघितल्या, खुश झाले.

शिफ्ट सुटल्यावर तंबू खांद्यावर टाकून निघाले, तर गेटवर सिक्युरिटीने अडवलं. "गेटपास?"

"अहो, माझाच आहे!"

"असेल. आत आणताना एन्ट्री केली होती का?"

कसली एन्ट्री! शेवटी भाऊ धावत स्टोअरला आले आणि मी गेटपास करून दिला. मालाचं वर्णन काय लिहावं सुचेना. लिहून टाकलं, 'घर, कापडी, एक नग.'

सिक्युरिटीवाल्याने ते दोनदा वाचलं, भाऊंना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रिटर्नेबल आहे का? म्हणजे परत येणार का?"

भाऊ म्हणाले, "ते बायको ठरवेल!"

* * *

रूमवाल्यांचीही एक. त्या वर्षी लोंढे सरांची सरशी झाली आणि आम्ही भीमाशंकरच्या अलीकडे एका रिसॉर्टला उतरलो. सरांना 'जंगल व्ह्यू' रूम मिळाली. गादी दाबून पाहिली, नळाला गरम पाणी आहे ना पाहिलं, सगळं ओके. आडवे झाले आणि पाच मिनिटांत रिसेप्शनला फोन.

"बाहेर किर्र किर्र काय वाजतंय? बंद करा ते."

"सर, रातकिडे आहेत."

"मग?"

"सर, ते आमच्या कंट्रोलमध्ये नाहीत."

सर उठूनच बसले. "मग कुणाच्या कंट्रोलमध्ये आहेत? त्यांना फोन जोडून द्या!"

* * *

माझ्या नवऱ्याचं त्याच्या उलटं. ते प्रेस शॉपला, पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या लाइनवर. दिवसभर कानाशी धाड धाड, आणि घर हायवेच्या कडेला. त्यांना शांतता म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. पहिल्यांदा तंबूत झोपलो तेव्हा मला छान डोळा लागला होता, तेवढ्यात हे दचकून उठले.

मी घाबरून म्हटलं, "काय झालं? बिबट्या?"

"नाही गं," हे कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "मला वाटलं लाइन बंद पडली!"

* * *

सगळे किस्से हसण्याचेच असतात असं नाही. महादेव भाऊंचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, लातूरकडून पिंपरीला कामाला आले ते पत्र्याच्या खोलीत राहिले. उन्हाळ्यात तापायची, पावसात गळायची. अर्धं आयुष्य तिथे काढून मग रहाटणीचं घर झालं. एका सहलीच्या सकाळी भाऊ गाडीत तंबू भरत होते, आबा दारात उभे.

"आरं, पत्र्यातनं स्लॅबखाली यायला माझी उमर गेली. आन तू सुट्टी टाकून कापडाखाली निजायला चाललास व्हय?"

मला हसू आलं, पण हसवेना. भाऊंनी हातातला तंबू डिकीत ठेवला. मग म्हणाले, "परत यायला तुमचा स्लॅब आहे म्हणून तर जातो, आबा."

आबांनी मान हलवली. "जा मग. पर सूनबाईला तिथं राबवू नगंस."

* * *

पण ऐकतोय कोण! ती सहल पवना धरणाच्या तलावाकाठी होती. सकाळी धुकं उतरलेलं, पाण्यावर ऊन यायला लागलेलं, आम्ही सगळे फोटो काढण्यात दंग. वहिनी एकट्या छोट्या स्टोव्हपुढे बसून वाऱ्याला पदराचा आडोसा धरत होत्या. तीनदा स्टोव्ह विझला, तीनदा त्यांनी पेटवला. शेवटी सगळ्यांच्या हातात कप आले.

भाऊंनी घोट घेतला, डोळे मिटले. "वा! मोकळ्यावर चहाची चवच निराळी!"

वहिनींनी विचारलं, "आणि तलाव कसा होता हो? माझी पाठ होती तिकडे."

परतीच्या वाटेवर देहूरोड आलं. तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळेपासून तुम्ही जा. मी येणार नाही." चिडून म्हणाल्या असत्या तर आम्ही समजूत काढली असती. शांतपणे म्हणाल्या, त्यामुळे भाऊंचा चेहरा पडला.

* * *

आता यंदाचं. वहिनींनी यावं म्हणून भाऊंनी स्वतः रिसॉर्टची रूम बुक केली! कॅन्टीनमध्ये हे सांगताना त्यांचा आवाज इतका पडला होता, की लोंढे सरांनीसुद्धा चेष्टा केली नाही. पण जित्याची खोड! गाडीत तंबू होताच. पोचल्या पोचल्या मॅनेजरकडे रूमसमोरच्या लॉनवर तो ठोकायची परवानगी मागितली.

मॅनेजर गोंधळला. "सर, रूममध्ये काही प्रॉब्लेम आहे का?"

"आहे ना. छत आहे!"

ठरलं असं, की वहिनी रूममध्ये आणि भाऊ तंबूत. वहिनी पलंगावर बसल्या, फोनकडे पाहत राहिल्या. "ह्याच्यावर सांगितलं की खरंच आणून देतात?" मी नंबर लावून दिला. चहा आला. त्यांनी तो बसल्या जागी, एकदाही न उठता, शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अजून एक सांगू का? चालतं ना?"

सकाळी मी फिरायला म्हणून बाहेर आले. रूमचं दार उघडं, आणि आत गादीवर दुलई डोक्यावरून घेऊन घोरताहेत ते महादेव भाऊ! तंबूची चेन बंद. बाहेर वहिनींच्या चपला.

"वहिनी? आत तुम्ही आहात?"

"हो. छान आहे हो हे! पाखरं अगदी कानाशी ओरडतात."

मी विचारणार होते की ही अदलाबदल झाली कधी आणि कशी. तेवढ्यात दव तुडवत वेटर ट्रे घेऊन आला. "टेंटमध्ये चहा कुणी मागवला?"

चेन थोडी उघडली. बांगड्यांचा हात बाहेर आला, कप घेऊन आत गेला.

वेटरने रूमकडे पाहिलं. "मॅडम, साहेबांना पण एक देऊ का?"

तंबूतून आवाज आला, "नको. त्यांचं ते बघतील!"