मानाची खुर्ची

आंबेगावच्या डोंगरातल्या आदिवासी वाडीत चिमाबाई असवलेची जीभ म्हणजे कोयताच. वाडीची स्वतःची पहिली ग्रामसभा भरली, तेव्हा तालुक्याहून आलेल्या साहेबांनी खुर्चीत बसून पेसा कायदा समजावला. "इथला कारभार आता तुमच्याच रीतीनं चालणार!"

"मग खाली बसा," चिमाबाई कडाडली. "आमच्या बैठकीत जो उंचावर बसंल, त्याला बोलता येत न्हाई."

साहेब खुर्ची सोडून घोंगडीवर टेकले.

पुढच्या सभेला खडी फोडायला डोंगर मागणारा ठेकेदार आला. गडी लई बोलका, भल्याभल्यांना गुंडाळणारा. माणसं धास्तावली. चिमाबाईनं मात्र लगबगीनं खुर्ची आणली, पदरानं पुसली.

"बसा पावणं, लांबून आलाय. चांगलं ऐसपैस बसा!"