त्यातली दोन वाक्यं माझी नाहीत

ती घटना आजही आठवते, एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. आम्हा निवृत्त पोलिसांच्या आठवणी बहुधा याच वाक्यानं सुरू होतात, आणि ज्या प्रकरणावर मी लिहायला बसलो ते तर दुसऱ्याची वाक्यं उचलण्याचंच होतं. तरी वाक्य राहू देतो, कारण ते खरं आहे. खून, दरोडे मी पुष्कळ पाहिले. त्यातले बरेच आता एकमेकांत मिसळून गेलेत. या प्रकरणातली मुलगी मात्र जशीच्या तशी समोर उभी राहते.

तेव्हा मी सांगलीतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रीच्या गस्तीचा अहवाल टेबलावर होता. ठाणे अंमलदार हसू दाबत केबिनमध्ये आले.

"साहेब, बाहेर एक पोरगी आलीय. तिची वाक्यं चोरीला गेलीत म्हणे."

"काय गेलंय?"

"वाक्यं. आता चोरीस गेला माल म्हणून काय वर्णन लिहू, तेवढं सांगा."

मीही हसलो. मग तिला आत बोलावलं. पंचविशीच्या आतली, साधा पंजाबी ड्रेस, हातात मोबाइल. मागं तिचे वडील, डोक्याला मुंडासं. ते उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हते. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं मेंढपाळाचं कुटुंब. दरवर्षी पाऊस सरला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचं, रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत फिरायचं. त्या वर्षी त्यांचा तळ आष्ट्याच्या बाजूला होता. मुलगी मात्र शिकून जनावरांची डॉक्टर झाली होती आणि पुढच्या शिक्षणासाठी तिनं परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज केला होता.

अशा अर्जाबरोबर स्वतःविषयी दोन पानं लिहून द्यावी लागतात, हे मला तिच्याकडूनच कळलं. आपण कोण, हाच विषय का निवडला, पुढं काय करणार. ते लिखाण स्वतःचंच असावं लागतं. तिकडचा संगणक ते दुसऱ्यांच्या लिखाणाशी ताडून पाहतो. तिचं लिखाण त्याच विद्यापीठातल्या दुसऱ्या एका अर्जाशी जवळजवळ ओळीला ओळ जुळलं होतं. विद्यापीठानं ईमेल पाठवली होती: सोमवारपर्यंत खुलासा करा, नाहीतर नक्कल केल्याचा शेरा मारून अर्ज रद्द होईल. प्रवेश जाईल, त्यासोबत मिळणारी शिष्यवृत्ती जाईल, आणि तो शेरा पुढच्या प्रत्येक अर्जामागं लागेल. त्या दिवशी शुक्रवार होता.

"मीच लिवलंय, साहेब," ती म्हणाली. "बसस्टँडजवळच्या सल्ला केंद्रात नुसतं इंग्रजी तपासायला दिलं होतं. त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून टाइप केलं. माझ्याकडं दुसरी प्रत न्हाई."

"बघतो, चौकशी करतो," मी म्हणालो. पोलिसांच्या तोंडी या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा काहीच नसतो. तिलाही ते कळलं असावं.

पण दुपारी आष्ट्याचे एक निवृत्त सुभेदार मुलाला घेऊन हजर झाले. ऊसवाले बागायतदार, ताठ मान, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांच्या मुलालाही तशीच ईमेल आली होती.

"साब, आमच्या पोराचा निबंध कुण्या पोरीनं चोरलाय. तिला उचला," ते म्हणाले. मुलगा बुटांकडं बघत होता.

एकाच मालाचे दोन मालक समोर आले की पोलिसाला जाग येते. मी त्या सल्ला केंद्राच्या इमारतीखाली रिक्षा लावणाऱ्या एकाला बोलावून घेतलं. तो आमचा जुना खबऱ्या.

"माहीत हाय की," तो म्हणाला. "पोरं माडीवर रडत चढत्यात आन हसत उतरत्यात. कुनाला काय लिवायला लागत न्हाई. ह्याची गोष्ट त्याला, त्याची तिसऱ्याला. हळकुंडात हळकुंड मिसळल्यावर कुनाच्या रानातलं हाय ते कोन वळकनार, साहेब?"

केंद्र चालवणाऱ्याला आणलं. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. खोटं बोलणारा माणूस घाम पुसतो, असं सिनेमात दाखवतात. माझा अनुभव वेगळा आहे. खोटं बोलणारा आपल्याला समजावून सांगायला लागतो. हा तसाच निघाला.

"सर, दोन्ही लेख मीच लिहिलेत. दोघांनी पैसे देऊन घेतले. यात गुन्हा कुठे आला? आणि तिचं बोलणं ऐकलंत ना? ती असं इंग्रजी लिहील असं वाटतं तुम्हाला?"

त्याचे संगणक तपासले तर सगळं पुसलेलं. प्रयोगशाळेकडं पाठवले तर अहवालाला महिने लागले असते, आणि मधे फक्त दोन दिवस होते.

चोरीचा माल सापडला की आम्ही ओळख घेतो. एक पाटली सापडली तर सराफाकडून तशाच चार आणून त्यात मिसळतो आणि फिर्यादीला म्हणतो, तुझी उचल. मला वाटलं, वाक्यांचं तसंच करून बघू. कायद्याच्या चौकटीत ते बसत नव्हतं; माझ्या स्वतःच्या खात्रीसाठी होतं. शनिवारी सकाळी एका महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या बाई आल्या. त्यांनी दोन्ही लेखांतली वाक्यं सुट्या पट्ट्यांवर छापली, स्वतःची काही मिसळली आणि टेबलावर पसरली.

आधी सुभेदारांचा मुलगा. त्यानं लांबलचक शब्दांच्या पट्ट्या गोळा केल्या. सुभेदार शेजारी उभे.

"मोठ्यानं वाच. आन मला मराठीत सांग."

मुलगा चाचरत म्हणाला, "माझे आजोबा मेंढरांमागं... उन्हातान्हात..."

"कुनाचं आजोबा?"

"माझे."

"तुझा आजा पलटनीत हुता, बेट्या. मेंढरं कुनाची राखली त्यानं, कर्नलची?"

बाईंनी तोंड फिरवून हसू लपवलं. मुलाचे डोळे भरून आले. "मी वाचलंच नव्हतं, पप्पा," तो म्हणाला.  सुभेदारांनी खिशातून आपली तक्रार काढली आणि फाडली.

केंद्रवाल्यानं मात्र सगळ्या पट्ट्या बिनचूक वेचल्या. वेचणारच, त्यानं लेख वाचलेला होता. माझी युक्ती फसली होती. तेवढ्यात बाईंनी दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. वाक्य एकच, पण एका शब्दाचा फरक. मुलाच्या लेखात होतं, 'आमच्या कळपातली अशक्त कोकरं आधी मेली.' मुलीच्या लेखात, 'आमच्या कळपातली सगळ्यात धष्टपुष्ट कोकरं आधी मेली.'

मी केंद्रवाल्याला विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?"

तो हसला. "अर्थात अशक्त, सर. पोरीनं घाईत उलटं लिहिलं होतं. मी ते नीट केलं."

नीट केलं म्हणजे आधी ते तिचं होतं, हे बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण एवढ्यावर मी विसंबून राहिलो नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही त्याचंच म्हणणं पटलं होतं. कोणीही अशक्त आधी मरेल असंच म्हणेल. मी मुलीला आत घेतलं आणि ती पट्टी पुढं सरकवली.

"हे चुकलंय का?"

"न्हाई."

"अगं, तगडी कोकरं आधी कशी मरतील?"

ती पट्टीकडं बघत बोलू लागली. "आमच्याकडं वर माळावर खुरटं गवत. इथं खाली उतरलो की एकदम हिरवंगार. तगडी कोकरं त्याच्यावर तुटून पडतात. अशक्तांना तेवढं खाताच येत न्हाई. मी सातवीत होते तवा, सकाळी उठून बघितलं, वाघरीत सगळ्यात चांगली कोकरं आडवी पडलेली." वाघर म्हणजे मेंढरांच्या तळाभोवती लावतात ती जाळी. "आबा म्हणाले, दृष्ट लागली. कुणाकुणाला शिव्या घातल्या त्यांनी. पुढं कॉलेजात एका तासाला सरांनी सांगितलं, याला आंत्रविषार म्हणतात. जास्त खाल्लेल्या कोकरांच्या आतड्यात विष तयार होतं. एका लशीनं टळतं. मी वर्गातनं उठून बाहेर गेले, साहेब. एका लशीनं."

 मी सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "हो, तगडी आधी जातात. हे पुस्तकात आहे, पण मेंढरामागं राहिलेल्या माणसाला विचारा, तो झोपेत सांगेल."

मी केंद्रवाल्यासमोर जाऊन बसलो आणि विचारलं, "कोकरू कधी जवळून बघितलंय का हो?" पुढचं त्यानं स्वतःहून सांगितलं. आणखी कोणाकोणाला तिचा लेख विकला, तेही.

मी त्या दिवशी थक्क झालो. खरी घडलेली गोष्ट ऐकायला बऱ्याचदा चुकीची वाटते, आणि चोराला तिथंच ती सुधारावीशी वाटते. इतकी वर्षं मी साक्षीदारांच्या जबाबातल्या अशाच विचित्र जागा नीट करून घेत आलो होतो. त्यातल्या किती खऱ्या होत्या, ते आता कोण सांगणार?

इथवरची हकिगत मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मुलीचा जबाब नोंदवायचा होता. तोच जबाब ती विद्यापीठाला पाठवणार होती. रायटर हवालदार टंकायला बसले आणि मी नेहमीच्या ओघात मजकूर सांगू लागलो, "सदर लेखातील सर्व वाक्ये माझी स्वतःची असून..."

"सर्व न्हाई, साहेब," ती म्हणाली. "त्यातली दोन वाक्यं माझी न्हाईत."

हवालदारांची बोटं थांबली.

"नेटवर एक नमुना होता, त्यातनं घेतली. पहिलं, मला लहानपणापासून प्राण्यांचा लळा होता. आणि शेवटचं, शिकून मी माझ्या माणसांच्या सेवेसाठी परत येईन."

मी म्हणालो, असली वाक्यं सगळेच लिहितात. त्यांना मालक नसतो. पण मनात वेगळंच होतं. केस स्वच्छ झाली होती. वरिष्ठांचा शाबासकीचा फोन येऊन गेला होता. फिर्यादीनंच नक्कल केली असं निघालं, तर आरोपीचा वकील तेवढंच धरून बसणार. ती ऐकेना, तेव्हा माझा आवाज चढला. "सीट गेली, तर माझ्याकडं रडत येऊ नकोस," असं मी तिला म्हणालो. ज्या मुलीचा माल मी सोडवून दिला म्हणून मिरवत होतो, तिला म्हणालो. एवढ्यावर थांबलो नाही. वडिलांना आत बोलावलं आणि तिला समजवायला त्यांना पुढं केलं.

त्या माणसानं हात जोडले. "साहेब एवढं म्हनत्यात तर ऐक की, बाई. दोन वाक्यांनी काय हुतंय? कुनाला कळनार हाय?"

ती त्यांच्याकडं वळली. "आबा, तुमीच सांगा. मला मेंढरांचा लळा हुता व्हय?"

 वडिलांचा चेहरा आधी पडला, मग त्यांना हसूच फुटलं. "लळा? आवं साहेब, मेंढरू दिसलं की ही पळायची. वास येतो म्हनायची. हिला तळावर थांबवायचं म्हंजी दाव्यानं बांधायला लागायचं."

"आन परत यायचं मी ठरवलंय का?"

"ते तुलाच म्हाईत."

"मलाबी म्हाईत न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून थांबली. रागानं नाही. मी कधी सरळ होतो याची वाट बघत असल्यासारखी.

मी हवालदारांना 'सर्व' शब्द काढायला सांगितला. ती दोन वाक्यं, ती कुठून घेतली ते, तिच्याच शब्दांत घातलं. जबाबाच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते: वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ती ओळ आम्ही हजारदा टंकतो. वाचून दाखवतो क्वचित. त्या दिवशी मी जबाब पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. तिनं डोळे मिटून ऐकला, मग सही केली.

विद्यापीठाचा निर्णय यायला बरेच दिवस गेले. नक्कल केल्याचा शेरा लागला नाही. पण त्या दोन वाक्यांसाठी नव्यानं लिहून द्यायला सांगितलं आणि त्यात त्या वर्षीची शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला गेली. माझं ऐकलं असतं तर मुलगी त्याच वर्षी परदेशी गेली असती, हेही खरं आहे. ते वर्ष तिनं तळातळावर फिरून कोकरांना लस टोचण्यात घालवलं आणि पुढच्या वर्षी गेली. जाण्याआधी नवा लेख दाखवायला आली होती. 'लहानपणी मला मेंढरांचा कंटाळा होता,' असा तो सुरू होत होता. मी तिची माफी मागायला हवी होती. चहा मागवला.

केंद्रवाल्यावर दोषारोपपत्र गेलं. खटला चालू आहे. उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक जबाब वाचून दाखवला, आणि जिथं काही विचित्र लागलं तिथं हात लावला नाही. त्यामुळं माझ्या काही केसेस ढिल्या पडल्या. पडू दिल्या. माणूस कोणाच्या भीतीनं खरं बोलतो, हे मला नोकरीनं शिकवलं होतं. कोणाचीच भीती नसताना, स्वतःचं नुकसान समोर दिसत असताना तो दोन वाक्यांसाठी एवढा अडून बसू शकतो, हे मी तेवढं एकदाच पाहिलं. अजून त्याचा पूर्ण उलगडा मला झालेला नाही.

या हिवाळ्यात रहिमतपूरला एका लग्नाला चाललो होतो. रस्त्याकडेच्या रानात मेंढरं बसली होती, आणि तेच मुंडासं दिसलं. गाडी थांबवली. त्यांनी ओळखलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मी विचारलं, "लेक काय म्हणतेय? परत येणार का?"

ते हसले, काठी दुसऱ्या हातात घेतली.

"परवाच इचारलं मी फोनवर. न्हाई ठरलं म्हनली अजून. ठरलं की खरं ते सांगंल."