उलट्या तोंडाचं वऱ्हाड

माझ्या लग्नाला मी उलटा गेलो. एकटाच नव्हे, चाळीस माणसांचं वऱ्हाड, ताशेवाले आणि आत्या, सगळ्यांना उलटं घेऊन गेलो.

त्या काळी पनवेलच्या बंदरात भरतीच्या पाण्यावर लाँचा यायच्या. त्यातली एक आमची. बाबा तिच्यातून मीठ आणि गवत न्यायचे, चालवायचे ते आमचे धर्मानाखवा, आणि मी भोंगा वाजवायचो. (भोंगा मात्र उत्तम वाजवायचो. पार कामोठ्यापर्यंत ऐकू जायचा.) मुलगी बघायला खाडीकाठच्या उलव्याला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी मुलगा काय करतो म्हणून विचारलं. ते मिठागरवाले, बोलणं थोडं आणि नजर करडी. बाबांनी सांगून टाकलं, इंजिनाचं सगळं तोच बघतो. हे खोटं नव्हतं. मी बघायचो. फक्त बघायचोच.

लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सकाळी उलव्याहून माणूस निरोप घेऊन आला. सासऱ्यांनी आपल्या होडीला नवं इंजिन बसवलं होतं आणि लग्न लागल्यावर ते जावयाकडून तपासून घ्यायचं त्यांच्या मनात होतं. इंजिनाला मी उभ्या जन्मात हात लावला नव्हता. निदान एक तरी काम आपल्या हाताने केलेलं असावं, म्हणजे चार शब्द तरी ठोकता येतील, असं मनाने घेतलं. तेव्हा आठवलं, की धर्मानाखवा महिनाभर म्हणत होते, गिअरचं तेल बदलायला झालंय, लग्न पार पडलं की बदलू.

लग्न पार पडेपर्यंत कोण थांबतो!

दुपारी मला हळद लागली. आमच्यात हळद म्हणजे नुसतं बोट लावणं नाही. डोक्यापासून पायापर्यंत माणूस सारवून काढतात. आणि हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं, असा आत्याचा सक्त हुकूम. आत्या आमची धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी, धवले, म्हणणारी. तिच्या हुकमापुढे बाबाही उभे राहत नसत. ती जेवायला बसली तशी मी डोक्यावरून पंचा घेतला आणि मागच्या दाराने सटकलो. पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन ट्रकच्या गिअरचं तेल डबाभर घेतलं. गॅरेजवाल्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. कावीळ झालेल्या माणसाला तेल कशाला लागतं, एवढंच त्याने विचारलं नाही.

बंदरात ओहोटी होती. लाँच चिखलात एका कुशीवर निजली होती आणि धर्मानाखवा तिच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला.

"ह्ये ट्रकचं हाय," ते म्हणाले. "आपल्या गिअरात इंजनाचंच त्याल जातं."

मी हसलो. शिकलेला माणूस हसतो तसा. त्यांना समजावून सांगितलं, की नाखवा, इंजिनात इंजिनाचं तेल आणि गिअरात गिअरचं तेल. डब्यावर छापलंयच तसं. त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या पिवळ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमी नवरदेव. आज तुमाला नाय कोन म्हननार?" आणि ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

आमचा गिअर म्हणजे इंजिनाच्या मागे बसवलेली लोखंडी पेटी. दांडा पुढे ढकलला की लाँच पुढे, मागे ओढला की मागे. तिच्या बुडाचं बूच इतकं अडचणीत, की तिथे हातच जाईना. म्हणून मी होळीची पितळी पिचकारी आणली होती. वरच्या भोकातून पिचकारी घालायची, जुनं तेल ओढायचं आणि एका रिकाम्या डब्यात सोडायचं. पहिल्या तीन पिचकाऱ्या डब्यात गेल्या. चौथी अडकली. मी जोर लावला, आणि ती सुटली ती थेट माझ्या तोंडावर! हळदीवर काळं तेल उडालं आणि मी वाघासारखा दिसू लागलो. असं नाखवा म्हणाले. मला बिचाऱ्यांनी आरसा दाखवला नाही.

नवं तेल काठोकाठ भरलं. इंजिन चालू करून बघितलं, झकास आवाज आला. लाँच चिखलात, त्यामुळे दांडा टाकून बघायचा प्रश्नच नव्हता. घरी आत्याने मला बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून हळद लावली.

सकाळी भरतीला वऱ्हाड चढलं. मी मुंडावळ्या बांधून पुढे खुर्चीत. दांडा पुढे पडला, लाँच डौलात निघाली. मी शेजारच्या काकांना गिअरच्या तेलाचं महत्त्व सांगायला घेतलं. अर्धा तास सांगत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की इंजिन जोरात ओरडतंय आणि काठावरचं खारफुटीचं झाड मात्र मघापासून तेच आहे.

तेल तापलं होतं आणि त्या बुळबुळीत तेलात आतल्या चकत्या एकमेकींना धरेनात. हे मला नाखव्यांनी नंतर समजावलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "पुडं जात नाय."

पाणी उतरायला लागलं होतं. ओढीने लाँच हळूहळू चिखलाच्या बाजूला सरकत होती. एकदा बसली की संध्याकाळच्या भरतीपर्यंत उठायची नाही, आणि मुहूर्त अकराचा. बाबा माझ्याकडे बघत होते. तेल कुणी बदललं हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या कानामागे अजून काळं होतं.

नाखव्यांनी दांडा मागे ओढला. लाँच गचका खाऊन मागे सरकली. मागचा गिअर शाबूत होता! त्यांनी एकदा उलव्याच्या दिशेला बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि लाँच गर्रकन फिरवून तिची पाठ उलव्याकडे केली.

मग आम्ही निघालो. उलटी लाँच सुकाणूला नीट जुमानत नाही. ती डावीकडे जायची, मग रुसून उजवीकडे जायची. नवऱ्याने नवरीच्या गावाला पाठ दाखवून जाऊ नये, म्हणून आत्याने सगळ्यांच्या खुर्च्या फिरवायला लावल्या आणि धवले सुरू केले. ताशेवाल्यांनी ठेका धरला. मीही मान ताठ ठेवली.

उलव्याच्या धक्क्यावर सासरे, त्यांचे भाऊबंद, सगळा गाव उभा. त्यांना लांबून काय दिसलं? नवऱ्याची लाँच दिसतेय, पण तिचं तोंड पनवेलकडे! नवरा परत चालला अशी एकच बोंब उठली. सासऱ्यांनी धोतर खोचलं, नव्या इंजिनाच्या होडीत चार धिप्पाड भाऊ घातले आणि आम्हाला अडवायला निघाले. आम्ही जवळ येतोय हे त्यांना कळेना. त्यांना वाटलं, आपलंच इंजिन जोरदार आहे.

होडी येऊन भिडली. सासऱ्यांनी आमच्या लाँचचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि मला विचारलं, "जावईबापू, काय चुकलं आमचं?"

"गिअरचं तेल," मी म्हणालो.

लग्न मुहूर्तावर लागलं. मी अंतरपाटापुढे उभा असताना नाखव्यांनी लाँचमध्ये गुपचूप माझं तेल काढलं, गिअर धुतला आणि इंजिनाचं तेल भरलं. संध्याकाळच्या भरतीला लाँच सरळ तोंडाने पनवेलला निघाली. सासऱ्यांच्या नव्या इंजिनाची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

माझी नवी नवरी नलू माझ्याशेजारी बसली होती, मान खाली घालून. तिने हळूच विचारलं, "तुमी आता तिकडं इंजनाकडं जानार नाय ना?"

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "वचन द्या."

मी दिलं. सकाळी होमापुढे दिलेल्या वचनांपैकी किती पाळली हे ती तुम्हाला सांगेल, तपशीलवार सांगेल. हे एक मात्र मी आजवर मोडलेलं नाही, कारण एवढंच एक पाळलं गेलं की नाही, यावर तिच्याबरोबर बाबा, आत्या, नाखवा आणि अख्खं उलवं लक्ष ठेवून होतं.